तिसरा कागद

एप्रिलात डॉगवुड फुलला की ते येतात.
कुणाच्या टपावर शिडी, कुणाच्या डिकीत फावडी,
गळ्यात धातू हुंगणारं यंत्र.
बेडफर्ड, व्हर्जिनिया. निळ्या डोंगरांच्या पायथ्याशी
अठरा खोल्यांचं आमचं मोटेल.
मी कुणाला काही विचारत नाही,
एवढंच सांगते, बूट बाहेर काढा,
इथली लाल माती गालिच्यातून निघत नाही.

तीन कागद आहेत म्हणे, बील नावाच्या कुणाचे.
नुसते आकडे.
दुसरा सुटला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले शब्द मोजले,
एकेकाचं पहिलं अक्षर उचललं
आणि कागद बोलायला लागला:
सोनं इतकं, चांदी इतकी, लोखंडी भांड्यांत.
कुठे, ते पहिल्या कागदात.
एकाहत्तर, एकशे चौऱ्याण्णव, अडतीस, सतराशे एक...
त्यापायी दीडशे वर्षं होत आली, डोंगर उकरतायत.
तिसऱ्यात फक्त नावं, वारसांची.
त्याच्यासाठी कुणी फावडं आणत नाही.

वेंडेल क्रौस आणायचा नाही.
डेटनच्या पोस्टात छत्तीस वर्षं पत्रं निवडलेला माणूस,
खोली चौदा, सोबत पेन्सिलींचा डबा.
त्याला तिसराच कागद हवा होता.
बायबल मोजून झालं होतं, राज्यघटना झाली,
बियाण्यांचे कॅटलॉग, एका घोडेविक्याचं रोजमेळ पुस्तक.
एका रात्री काउंटरवर आला,
"तुमच्या भाषेतलं काही आहे?"

मी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली.
मागच्या पानावर अळूवडी.
अळूची पानं धुऊन, देठ काढून, उलटी...
मी वाचत गेले, तो मोजत गेला,
अ, प, ध, द, क, उ.
मध्येच मी थबकले. म्हटलं, वेंडेल,
यात एक अक्षर तुला कधीच सापडणार नाही.
ळ.
त्यानं आमच्यात शब्द सुरूच होत नाही.
मधे असतो, शेवटी असतो,
डोळा, गूळ, काळ,
आणि माझ्या नावात. कमळजा.
इथे आल्यावर त्याचा आधी ल झाला,
मग तोही गळला. आता मी कॅम.
तो अर्धा तास ळ म्हणत बसला,
वॉशिंग मशीनमध्ये नाणं अडकल्यासारखा.
"मग त्याला आकडा कुठला द्यायचा?"
नाहीच, म्हटलं.
त्यानं वहीत काहीतरी टिपलं.

गेल्या एप्रिलात तो आला नाही.
मे महिन्यात त्याच्या लेकीकडून पाकीट आलं.
आत त्याच्या हातची चिठ्ठी, चौतीस आकडे,
वर एक ओळ: किल्ली चौदा नंबरच्या दारामागे.

दारामागे आमच्या नियमांचं पत्रक.
सिगरेट नको, सिंकमध्ये मासे साफ करू नका.
मी शब्द मोजले, अक्षरं मांडली,
हाती आला चिखल.
मग आठवलं. मार्चमध्ये मीच पत्रकं बदलली.
चेकआउट दहाचं अकरा केलं,
पंधरा डॉलरांत कुत्र्याला परवानगी दिली,
आणि जुनी अठराच्या अठरा रद्दीत.
एका कुत्र्यानं सगळे आकडे पुढे ढकलले.

रद्दीवाल्याला फोन केला. तो हसला.

पण जुनं काय, नवं काय,
पत्रकात शब्द दोनशेच्या आसपास.
आणि चिठ्ठीतला पाचवा आकडा
नऊशे.
मी पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा उचलली.
आधी चार, मागून दोन.
दुसऱ्या, चौथ्या, सातव्या जागी
एकच आकडा, एकसष्ट.
के, ए, एम, ए,
मग हा,
मग जे, ए.

पुढचे सत्तावीस तसेच आहेत.
ड्रॉवरमध्ये, सुट्ट्या नाण्यांखाली.
पाहुणे नसले की मी ते काढते,
पाचव्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचते,
नऊशे,
आणि जीभ वळून टाळूला लागते.